बहिणीला पायलट व्हायचंय: लायसन्स ते पहिला पगार, मधलं गणित कुणी समजावून सांगेल का?

मानवतचा_दुकानदार

नमस्कार मंडळी. मानवतला माझं खत-बियाण्याचं दुकान आहे, जिल्हा परभणी. धाकटी बहीण गेल्या वर्षी बारावी सायन्स झाली, फिजिक्स-मॅथ्स दोन्ही आहे. तिनं डीजीसीए, म्हणजे पायलटचं लायसन्स देणारं सरकारी खातं, त्यांच्या परीक्षेसाठी लागणारा कॉम्प्युटर नंबर काढला, घरीच ऑनलाइन क्लास लावला आणि नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन असे तीन पेपर काढले. टेक्निकल जनरलचा अभ्यास चालू आहे. कुणी मागं लागलेलं नाही, स्वतःहून पहाटे उठून बसते. त्यामुळं हा नाद नाही, हे मला पटलेलं आहे.

आता प्रश्न पैशाचा. फ्लाइंग स्कूलवाले 200 तासांच्या उड्डाणाचे 55 लाख सांगायलेत, राहणं-खाणं वेगळं. संभाजीनगरला एका सल्लागाराकडं गेलो तर तो म्हणाला, "देशात पायलटांचा तुटवडा आहे, लायसन्स झालं की सहा महिन्यांत अडीच लाख पगार." अप्पा लगेच तयार झाले. म्हणायलेत, जायकवाडीच्या कालव्याखालचा चार एकराचा तुकडा काढून टाकू, लेकराचं कल्याण होईल. आई दोन दिवस बोलली नाही कुणाशी. तो तुकडा गेला तर मागं फक्त कोरडवाहू उरतंय.

मला तीनच गोष्टी विचारायच्यात. नव्या पायलटला खरंच हातात किती पडतात? लायसन्स आणि नोकरी यांच्यात किती काळ जातो? आणि जमीन न विकता हे जमतं का? ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनीच सांगावं ही विनंती. सल्लागारांचं ऐकून झालंय.

उदगीरची_लेक

दादा, मी मूळची उदगीरची. एअरबस ए-320 विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे कॅप्टनच्या शेजारचा दुसरा पायलट आहे, तिसरं वर्ष चालू आहे. सविस्तर लिहिते, कारण मला हे सगळं तुकड्या-तुकड्यात कळलं आणि प्रत्येक तुकडा कळेपर्यंत घरच्यांनी आणखी पैसे उभे केलेले असायचे.

आधी "तुटवडा" हा शब्द नीट समजून घ्या. तुटवडा आहे, पण तो कॅप्टनांचा. कॅप्टन व्हायला एटीपीएल हे वरचं लायसन्स लागतं आणि त्याला 1500 तासांचं उड्डाण लागतं. तुमची बहीण बाहेर पडेल तेव्हा तिच्याकडं 200 तास असतील, तेही छोट्या सेसना नाहीतर डायमंडवरचे. 200 तासवाल्यांचा तुटवडा कुठंच नाही. डीजीसीएनं 2022 मध्ये 1165 सीपीएल, म्हणजे नव्या पायलटांची कमर्शियल लायसन्स, दिली, 2023 मध्ये 1622. ही सगळी पोरं एकाच दारात उभी राहतात.

आणि ते दार कधी उघडतं, कधी मिटतं, ते विमानांवर ठरतं. इंडिगोनं 2023 मध्ये 500 विमानांची ऑर्डर दिली, एअर इंडियानं त्याच वर्षी 470 ची. सल्लागार हेच आकडे दाखवतात. पण ही विमानं एका वर्षात येत नाहीत, वर्षानुवर्षं येत राहतात, आणि कारखान्याकडून उशीर झाला, इंजिनांत बिघाड निघाला की आहे तीसुद्धा जमिनीवर बसतात. नवं विमान आलं तरी आधी कॅप्टन लागतो, ट्रेनिंग देणारा कॅप्टन लागतो, सिम्युलेटरवर वेळ मिळावा लागतो. मग आपला नंबर. त्यात एखादी कंपनीच बंद पडली तर विचारू नका. एप्रिल 2019 मध्ये जेट बंद झाली, मे 2023 मध्ये गो फर्स्ट थांबली. दोन्ही वेळेला हजारो तासांचा अनुभव असलेली माणसं बाजारात आली. कंपनी आधी त्यांनाच घेणार, ते साहजिक आहे. नव्या पोरांची रांग तेवढी मागं सरकली.

उलटी बाजूही सांगते. 2025 मध्ये पायलटांच्या ड्युटीच्या वेळेचे नवे नियम टप्प्याटप्प्यानं लागू झाले. आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून 48 तास झाली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली. डिसेंबरात इंडिगोची उड्डाणं रद्द व्हायला लागली ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. पुरेसे पायलट रोस्टरला नव्हते, हे त्याचं मोठं कारण. म्हणजे त्याच विमानांना आता जास्त पायलट लागणार. पुढची काही वर्षं माणसं घ्यावीच लागतील. पण "लायसन्सनंतर सहा महिने" असं छातीठोक कुणीच सांगू शकत नाही. माझ्या बॅचमध्ये कुणाला लगेच मिळालं, कुणाला दोन वर्षं लागली, आणि त्या दोघांत हुशारीचा फरक मला तरी दिसला नाही. ज्या महिन्यात लायसन्स आलं त्या महिन्यात भरती चालू होती का, एवढाच फरक.

आता पैसे. सीपीएलवर एअरबस उडवता येत नाही, त्या विमानाचं वेगळं टाइप रेटिंग करावं लागतं. बहुतेक वेळा तो खर्च उमेदवाराच्या गळ्यात असतो. 15 लाखांच्या पुढंच धरा. हे 55 लाखांत नाही! सल्लागार हा आकडा पहिल्या भेटीत काढत नाहीत.

जॉइन झाल्यावरसुद्धा पहिले काही महिने पगार नसतो, स्टायपेंड असतो. क्लासरूम, सिम्युलेटर, मग लाइन ट्रेनिंग. लाइन ट्रेनिंगमध्ये मागं खरे प्रवासी बसलेले असतात, डावीकडं ट्रेनिंग कॅप्टन असतो आणि सुरुवातीला तुमच्या पाठीमागच्या सीटवर एक रिलीज झालेला फर्स्ट ऑफिसर बसवतात, तुम्ही अडलात तर सांभाळायला. चेक पास झाला की तुम्ही "रिलीज" होता. पूर्ण पगार तिथून. रिलीजनंतर पहिल्या वर्षी माझ्या खात्यावर टॅक्स कापून दीड लाखाच्या आतबाहेर यायचे. यातला एक भाग ठरलेला आणि एक भाग उडालेल्या तासांवर. ऑफर लेटरमध्ये किती तासांची हमी आहे ते बघायचं असतं, कारण ज्या महिन्यात तब्येतीमुळं किंवा रोस्टरमुळं कमी उडलं त्या महिन्यात तो भाग घसरतो. एटीआरसारख्या छोट्या विमानांवर सुरुवात याहून खालची असते. अडीच लाख होतात, नाही असं नाही, पण ते पहिल्या दिवशी नाही. कॅप्टन झाल्यावर मात्र पगार पुष्कळ वर जातो, आणि सगळं जग त्याच पगाराची गोष्ट करतं.

दीड लाख ऐकून मोठं वाटतं. 60 लाखांचं कर्ज, 11 टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत धरली तर हप्ता 82-83 हजार बसतो. मुंबईत मरोळला आम्ही तिघी मिळून फ्लॅटमध्ये राहतो, तरी भाडं-जेवण धरून जे उरायचं त्यातून मी घरी फार काही पाठवू शकत नव्हते. घरच्यांना वाटायचं पोरगी विमान उडवते, आता काय कमी आहे.

पण दादा, काम म्हणाल तर मला दुसरं काही करायचं नाही. पहाटे तीनला कॅब खाली येते. मी अंधारात टॉर्च घेऊन विमानाभोवती फेरी मारते, चाकं, इंजिनाची पाती, पंखाखाली काही गळतंय का ते हात लावल्यासारखं बघून घेते. पावसाळ्यात संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर आडवा वारा असताना कॅप्टननं "युवर लँडिंग" म्हणावं आणि चाकं मधल्या पांढऱ्या रेघेवर टेकावीत, हे मला अजूनही दर वेळेला भरून टाकतं. बहिणीत तो जीव असेल तर तिला अडवू नका. फक्त पैशाची मांडणी नीट करा.

कयाधूकाठ

मी हिंगोलीचा. सीपीएल आहे, मल्टी-इंजिन रेटिंग आहे, बाहेरचं दिसत नसताना उपकरणांवर विमान उडवायचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग आहे, नोकरी नाही. ताईंनी लिहिलं त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी फक्त मधल्या काळाबद्दल लिहितो, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही.

लायसन्स मिळाल्यावर खर्च थांबत नाही. इन्स्ट्रुमेंट रेटिंग दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं, त्यासाठी पुन्हा विमानाचे किंवा सिम्युलेटरचे पैसे. क्लास वन मेडिकल, म्हणजे पायलटची वैद्यकीय तपासणी, दर वर्षी. एअरलाइनची भरती निघाली की लेखी परीक्षा, मग कॉम्प्युटरवरची अॅप्टिट्यूड टेस्ट, ग्रुप डिस्कशन, मुलाखत. त्याच्या तयारीचे क्लास वेगळे. हिंगोलीहून प्रत्येक वेळेला दिल्ली नाहीतर गुरुग्राम गाठायचं. आणि कर्जावर व्याज चालूच. हात बसलेला असतो तो सुटत जातो, ती भीती तर वेगळीच.

दुसरं, फ्लाइंग स्कूलबद्दल. मी जिथं शिकलो तिथं फी जवळजवळ सगळी आगाऊ घेतली. नंतर विमानं दुरुस्तीत, इन्स्ट्रक्टर सोडून गेले, पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे उड्डाण नाही. दीड वर्षात होईल म्हणून सांगितलेला कोर्स त्याच्या दुप्पट लांबला. भाडं, मेस, व्याज सगळं माझ्या बापाच्या डोक्यावर. पैसे त्यांच्या खिशात गेलेले होते, त्यामुळं बोलायला तोंड नव्हतं. तेव्हा दादा, एक रकमी एक रुपया देऊ नका. जितके तास उडेल तितके पैसे.

मी बीएस्सी आधी पूर्ण केली होती, फिजिक्स-मॅथ्स घेऊन, नियमित कॉलेजमधून. त्यामुळं एअरपोर्ट ॲथॉरिटीची ज्युनियर एक्झिक्युटिव्ह एटीसीची (विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्यांची) परीक्षा मला देता येते. सुरुवातीचं वेतन 40,000 ते 1,40,000 च्या श्रेणीत, वर भत्ते, आणि काम विमानांशीच. नियमित पदवी नसती तर तोही रस्ता बंद असता. बहिणीकडं बारावीनंतर दुसरं काय आहे, याचा विचार आत्ताच करा. असिस्टंट इन्स्ट्रक्टरचं रेटिंग करून फ्लाइंग क्लबात शिकवायला लागणं हाही एक मार्ग आहे. पगार थोडा असतो पण तास वाढतात आणि हात चालू राहतो. मी त्याच्यासाठी पैसे साठवतोय.

नांदेड_निवृत्त_शाखाधिकारी

चिरंजीव, माझी सगळी नोकरी बँकेत गेली, शेवटची बरीच वर्षं कर्ज विभागात. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

शैक्षणिक कर्जात साधारण साडेसात लाखांपर्यंत तारण न घेता काम होतं. 50-60 लाखांना बँक तारण मागणारच. आणि इथं आपल्याकडच्या बहुतेक घरांची अडचण होते, कारण तारण म्हणून आपण शेत पुढं करतो. 2002 चा सरफेसी कायदा, ज्याखाली बँक कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ शकते, तो शेतजमिनीला लागू नाही. कलम 31 मध्ये तशी सूट आहे. म्हणून बँका अशा कर्जाला शेतजमीन घ्यायला नाखूष असतात. ओलिताची आहे, कालव्याखाली आहे, भाव चांगला आहे, याचा मॅनेजरवर परिणाम होत नाही. त्याला एनए प्लॉट, शहरातलं घर, दुकानाचा गाळा, मुदत ठेव किंवा विमा पॉलिसी पाहिजे. कुटुंबात कुणाकडं असं काही असेल तर आधी ते बघा. वडिलांच्या भावकीत विचारायला लाजू नका, सहकर्जदार म्हणून नातेवाईक चालतात.

कर्जाचा एक फायदा लोकांच्या ध्यानात येत नाही. बँक पैसे टप्प्याटप्प्यानं थेट संस्थेला देते, मागणीपत्र आणि प्रगती बघून. वरच्या हिंगोलीच्या मुलाला जो त्रास झाला तो यामुळं बराचसा टळतो. जमीन विकून रोख आणली की शाळावाला एकदम मागतो आणि माणूस देऊन बसतो.

कोर्स संपल्यावर साधारण एक वर्षापर्यंत हप्ता सुरू होत नाही, पण व्याज चढत राहतं. 60 लाखांवर 11 टक्क्यांनी महिन्याला 55 हजार. तुमच्या दुकानातून शिकण्याच्या काळात निदान व्याज भरता येत असेल तर भरा, पुढचा हप्ता खूप हलका होतो. दहाऐवजी पंधरा वर्षं मुदत घेतली तर हप्ता 68 हजारांवर येतो. व्याज एकूण जास्त जाईल, पण पहिली दोन-तीन वर्षं श्वास घेता येतो आणि पगार वाढला की आधी फेडता येतं. नोकरी लागल्यावर जुन्या करप्रणालीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावटही मिळते, आठ वर्षं.

इतर मागास, भटके-विमुक्त किंवा विशेष मागास प्रवर्गात असाल तर महाज्योती या सरकारी संस्थेच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. त्यांनी नागपूर फ्लाइंग क्लबात सीपीएलचं प्रशिक्षण दिलेलं आहे. जागा मोजक्या असतात.

देगलूरचा_फौजी

एकदम थोडक्यात. वय साडेएकोणीसच्या आत असेल तर एनडीएचा फॉर्म भरू द्या. 2022 पासून मुलींना घेतात, फ्लाइंग शाखा मिळाली तर सगळं प्रशिक्षण सरकारी खर्चानं. पुढं पदवी झाली तर एएफकॅट ही हवाई दलाची परीक्षा आहे, त्यात सीपीएल असलेल्यांना फ्लाइंग शाखेसाठी वयाची सूट 26 पर्यंत मिळते. एक फॉर्म भरायला काही लागत नाही.

मानवतचा_दुकानदार

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं अप्पांना वाचून दाखवलं. 55 लाखांत टाइप रेटिंग नाही, हे ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, सध्या तुकड्याचं नाव काढू नका. पाथरी रोडला माझ्या नावावर एक एनए प्लॉट आहे, दुकान वाढवायला घेतलेला. तो तारण ठेवायला मी तयार आहे. व्याज दुकानातून भरीन, बघू काय काय आवळावं लागतं ते. एनडीएचा फॉर्म तिनं स्वतःच काढून ठेवला होता असं आज कळलं.

ताई, दोन गोष्टी अजून. मामा म्हणतात मुलीला एवढा पैसा लावून पुढं लग्न झाल्यावर काय? आणि आम्ही पुढच्या महिन्यात बारामती आणि गोंदियाला स्कूल बघायला जाणार आहोत, तिथं नेमकं काय बघायचं?

उदगीरची_लेक

मामांना सांगा, भारतात पायलटांत बायकांचं प्रमाण 15 टक्क्यांच्या आसपास आहे, जगाच्या सरासरीच्या कितीतरी वर. माझ्याबरोबर दोन लेकरांच्या आया कॅप्टन म्हणून उडतात. गरोदरपणात उड्डाण थांबतं, तेवढ्या काळात तासांचा पैसा जातो, नंतर मेडिकल आणि चेक देऊन परत येता येतं. कर्जाची मुदत ठरवताना एवढं धरून चला. लग्नाचं तिचं ती बघेल.

स्कूल बघायला जायच्या आधी क्लास टू आणि मग क्लास वन मेडिकल उरकून घ्या. रंग ओळखण्याची चाचणी, कान, ईसीजी, सगळं. हे पास होत नाही तोवर कुणालाही ॲडव्हान्स देऊ नका, प्लॉटचे कागदही बँकेत नेऊ नका.

स्कूलमध्ये ऑफिसात तासभर बसवतील, चहा पाजतील, मोठे फोटो दाखवतील. तुम्ही हँगरकडं जा. किती विमानं आहेत ते विचारू नका, आज सकाळी किती उडाली ते विचारा. एखादं विमान इंजिन उघडं टाकून, टायरवर धूळ बसून उभं असेल तर ते कधीपासून तसं आहे ते मेकॅनिकला विचारा, तो खरं सांगतो. विद्यार्थी किती, इन्स्ट्रक्टर किती, आणि गेल्या वर्षी किती जणांचे 200 तास पूर्ण झाले. डीजीसीएनं 2025 पासून फ्लाइंग स्कूलांची वर्गवारी जाहीर करायला सुरुवात केली आहे, ती जाताना छापून न्या आणि समोर ठेवा. तासाचा दर लेखी घ्या, इंधन वाढलं तर तो वाढणार का तेही त्यात लिहून घ्या, आणि मध्येच सोडलं तर उरलेले पैसे किती दिवसांत परत, तेही.

मग बहिणीला एकटीला मेसमध्ये पाठवा, संध्याकाळी, पोरं जेवायला येतात तेव्हा. जी पोरं वर्षभर तिथं आहेत त्यांना तिनं एकच विचारायचं: तुझी लॉगबुक दाखव. त्यात प्रत्येक उड्डाण लिहिलेलं असतं, शेवटच्या तीन महिन्यांत पानं किती भरलीत ते तिला लगेच दिसेल. टेक्निकल स्पेसिफिकचा पेपर त्या स्कूलच्या विमानावर असतो, त्यामुळं तो आत्ता देऊ नका. जनरल मात्र पुढच्या सत्रात काढून टाका आणि आरटीआरची, म्हणजे विमानातला रेडिओ वापरायच्या लायसन्सची, तयारी सुरू करू द्या. माझ्या टेक्निकल जनरलच्या वह्या उदगीरला घरी पडून आहेत. निरोपात पत्ता टाका, भाऊ परभणीला येतो तेव्हा देऊन जाईल.